रूळ, मग पाणी, मग पुन्हा रूळ

तेलगावच्या चौकात उभं राहून कुणालाही विचारा, ‘परदेशात कसं जायचं हो?’ उत्तर ठरलेलं. आधी संभाजीनगर नाहीतर हैदराबाद गाठायचं, नाहीतर थेट मुंबई, आणि तिथून विमान.

पण समजा, विमानात बसायचंच नाही असं ठरवलं तर?

तरी जाता येतं. पहिलं तिकीट लालपरीचं, सिरसाळ्यावरून परळी. पुढे रेल्वे, मग जहाज, मग पुन्हा रेल्वे. त्या दुसऱ्या रेल्वेत बसाल तेव्हा स्थानकाच्या पाट्यांवर सिंहली अक्षरं दिसतील आणि खिशातले रुपये बदलून श्रीलंकेचे रुपये झालेले असतील. घड्याळ मात्र बदलायचं नाही. भारताची आणि श्रीलंकेची वेळ एकच आहे.

विमान काय करतं? इथे चढा, तिथे उतरा. मधलं सगळं ढगांखाली जातं. पण रुळांनी आणि पाण्यानं निघालात की वाटेत सांधे लागतात. रूळ संपतात ती जागा, जमीन संपते ती जागा, रुळांची रुंदी बदलते ती जागा. माझं म्हणाल तर या प्रवासाची सगळी गंमत त्या सांध्यांत आहे. आणि पहिला सांधा शोधायला लांब जायचीही गरज नाही. तो तेलगावातच आहे.

अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग. त्याची वाट पाहण्यात बीडच्या कित्येक आजोबांचं आयुष्य गेलं. अखेर १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड आणि अहिल्यानगरच्या मध्ये प्रवासी गाडी सुरू झाली. म्हणजे पश्चिमेकडून रूळ बीडपर्यंत आले. पूर्वेकडे परळीला रूळ पूर्वीपासूनच आहेत. राहिला मधला तुकडा : वडवणी, तेलगाव, सिरसाळा. हे लिहितोय तेव्हा तिथलं काम व्हायचं आहे. दोन्हीकडे रूळ आणि मध्ये तेलगाव!

अशाच एका तुटलेल्या जागी ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाचा नायक अडकला होता. ८० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करायला निघालेला तो फिलिअस फॉग. जहाजानं मुंबईला येतो, कलकत्त्याच्या गाडीत बसतो, आणि मध्येच गाडी थांबते. का? तर पुढे रूळच टाकलेले नाहीत! मग हा पठ्ठ्या २,००० पौंड मोजून चक्क एक हत्ती विकत घेतो आणि जंगलातून पुढे जातो. कथा १८७२ सालातली आहे. खरं तर मुंबई–कलकत्ता मार्ग १८७०मध्येच पुरा झाला होता. पण लेखकाला हत्ती हवा होता, त्याला कोण काय करणार? आपल्याला हत्ती घ्यायची गरज नाही. एसटीच्या तिकिटात भागतं.

परळीला गाडी पकडली की विकाराबादवरून सिकंदराबाद, तिथून चेन्नई, आणि चेन्नईहून समुद्राच्या कडेकडेनं दक्षिणेला नागपट्टिणम. इथे जमीन संपते. हा दुसरा सांधा. १४ ऑक्टोबर २०२३ला नागपट्टिणमहून श्रीलंकेच्या कांकेसंतुरैला जाणारी प्रवासी बोट सुरू झाली. ‘चेरियापानी’ हे तिचं नाव. जेमतेम १५० माणसं बसतील एवढी, आणि वाट सुमारे चार तासांची. थोड्याच दिवसांत ती बंद पडली. पुढे ऑगस्ट २०२४मध्ये ‘शिवगंगै’ नावाची दुसरी बोट लागली.

पहिली बोट का थांबली, ठाऊक आहे? पावसामुळे. तुम्ही म्हणाल, ऑक्टोबरात कसला पाऊस? आपल्याकडे तर तोवर सोयाबीन निघालेलं असतं. पण तमिळनाडूच्या किनाऱ्याचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. जूनमध्ये वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि आपल्याला भिजवतो. तमिळनाडूचा किनारा मात्र पश्चिम घाटाच्या आडोशाला पडतो, म्हणून तेव्हा बराचसा कोरडा राहतो. थंडीच्या तोंडावर वारा फिरतो, ईशान्येकडून वाहू लागतो आणि बंगालच्या उपसागरावरची वाफ घेऊन तिकडे जाऊन धडकतो. समुद्र खवळतो, आणि छोट्या बोटीला गप्प बंदरात बसावं लागतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत हा बेत आखू नका. उन्हाळ्याची सुट्टी बरी. आणि निघण्याआधी बोट चालू आहे ना, हे मोठ्यांना विचारायला लावा. पासपोर्ट तर लागतोच. बोट छोटी असली तरी देश दुसरा आहे.

आता थोडं मागे जाऊ. भारत आणि श्रीलंका यांच्यातलं हे पाणी म्हणजे पाल्कची सामुद्रधुनी, आणि तिच्या दक्षिणेच्या टोकाला रामसेतूची रांग. तिथलं पाणी इतकं उथळ की काही ठिकाणी मोठ्या माणसाच्या कमरेइतकंच. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचं खूपसं पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकलं होतं. त्यामुळे जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा १०० मीटरहून जास्त खाली होता. तेव्हा इथे सामुद्रधुनी नव्हतीच, कोरडी जमीन होती. हत्ती, बिबटे, अस्वलं चालत पलीकडे जात असत. मग बर्फ वितळलं, पाणी चढलं आणि श्रीलंकेचं बेट झालं. पलीकडचे बिबटे पलीकडेच राहिले. आज ते तिथेच आहेत आणि तिथल्या जंगलातला सगळ्यात मोठा शिकारी प्राणी म्हणजे तेच. वाघ तिथे नाही.

या उथळ पाण्याच्या अलीकडच्या काठाला रामेश्वर. परळीचा वैजनाथ जसा ज्योतिर्लिंगांत मोजतात, तसंच तेही. आपल्याकडे ही वाट फार जुनी. काशीची गंगा कावडीत घ्यायची आणि पायी रामेश्वरला नेऊन वाहायची. पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं आणि रामेश्वरासाठी आणलेलं ते पाणी त्यांनी त्यालाच पाजलं. हे सगळे यात्रेकरू मैलच्या मैल पायांनी मोजायचे.

मग १९१४ साल आलं. रामेश्वर हे बेट आहे. तिथे रेल्वे न्यायची तर समुद्रावर पूल हवा. तो पांबनचा पूल १९१४मध्ये सुरू झाला, दोन किलोमीटरहून जरा लांब. पुलाखालून गलबतंही जायला हवीत, म्हणून मधला भाग उघडता येईल असा केला. त्याचे दोन पंख होते. माणसं हातांनी दांडे फिरवायची, पंख हळूहळू वर उठायचे आणि मधून गलबत जायचं. शंभराहून जास्त वर्षं खाऱ्या वाऱ्यात उभा राहून तो पूल थकला. त्याच्या शेजारीच नवा पूल बांधला आणि ६ एप्रिल २०२५ला तो सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा मधला भाग पंखांसारखा उघडत नाही, तो अख्खाच्या अख्खा सरळ वर चढतो, तब्बल १७ मीटर! शेकडो टनांचा लोखंडी सांगाडा. मग त्याला उचलायला केवढी मोटर लागत असेल? वाटते तेवढी मुळीच नाही. दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांवरून जाड तारा खाली सोडल्या आहेत. त्यांच्या एका टोकाला पूल आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ तेवढ्याच वजनाचे ठोकळे. ठोकळे खाली उतरतात, पूल वर जातो. मोटरला फक्त दोघांच्या वजनातला फरक आणि घर्षण यांच्याशी झुंजायचं असतं.

तर १९१४ला परत. पूल झाला, आणि रेल्वे रामेश्वरच्या बेटावरून पार टोकाला, धनुष्कोडीला गेली. तिथे धक्क्यावर आगबोट उभी. गाडीतून उतरा, आगबोटीत चढा. सुमारे ३५ किलोमीटर पाणी ओलांडलं की श्रीलंकेतलं तलैमन्नार. तिथल्या धक्क्यावर कोलंबोची गाडी तयार! मद्रासहून कोलंबोचं तिकीट एकदाच काढायचं, त्यातच आगबोट आली. लोक या गाडीला ‘बोट मेल’ म्हणायचे.

मग प्रश्न पडतो, गाडीच का नाही नेली पलीकडे? उतरा-चढा कशाला? आगबोटीवरच रूळ टाकायचे आणि डबे ढकलत आत न्यायचे! पण एक अडचण होती. इकडचे रूळ मीटरगेजचे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर बरोबर १,००० मिलिमीटर. तिकडचे रूळ ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर. इकडचा डबा तिकडच्या रुळांवर उभाच राहिला नसता.

ही भानगड आपल्या मराठवाड्याला नवी नाही. निजामाच्या काळातला मनमाड–सिकंदराबाद मार्ग मीटरगेज होता. मुंबईहून येणारी गाडी ब्रॉडगेज. त्यामुळे मनमाडला सगळ्यांनी उतरायचं आणि गाडी बदलायची. माणसं आपल्या पायांनी उतरतात हो, पण ज्वारीची पोती आणि सरकीच्या गोण्या उतरत नाहीत. त्या हमालांनी एका डब्यातून दुसऱ्यात टाकायच्या. तिकडे कुर्डुवाडी–लातूरची बार्शी लाइट रेल्वे तर अवघ्या ७६२ मिलिमीटरची. एका मराठवाड्यात रुळांच्या तीन रुंद्या! आता सगळीकडे ब्रॉडगेज झालं, म्हणून आपल्याला हे आठवत नाही इतकंच.

जगात मात्र हा सांधा अजून जागोजागी आहे. युरोपात बहुतेक ठिकाणी १,४३५ मिलिमीटर, रशिया आणि बेलारूसमध्ये १,५२०. पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवर ब्रेस्त नावाचं गाव आहे. २०२०पर्यंत तिथे डबे एका शेडमध्ये न्यायचे आणि मोठाल्या जॅकनी वर उचलायचे, आत प्रवासी बसलेले असतानाच! खालची अरुंद चाकं सरकवून काढायचे, रुंद चाकं सरकवून आणायचे, डबा परत खाली टेकवायचे. स्पेनच्या लोकांनी आणखी चलाखी केली. त्यांच्या टाल्गो गाड्यांची चाकं आसावर आत-बाहेर सरकतात. रुंदी बदलते तिथल्या एका खास सांगाड्यातून गाडी हळूहळू पुढे जाते आणि तेवढ्यात चाकांमधलं अंतर बदलून जातं. उतरायचं नाही, उचलायचं नाही. (तेलगाव नव्हे, टाल्गो. नीट वाचा!)

आणि गाडी जहाजात चढवणं? तेही झालेलं आहे. लंडनहून रात्री निघणारी ‘नाइट फेरी’ १९३६ ते १९८० या काळात, मधली युद्धाची वर्षं सोडून, झोपायच्या डब्यांसकट जहाजात शिरायची. प्रवासी अंथरुणात असायचे, आणि सकाळी गाडी पॅरिसच्या वाटेवर. जर्मनी आणि डेन्मार्क यांच्यात तर २०१९च्या डिसेंबरपर्यंत गाडी जहाजातून जात होती. इटलीत आजही मुख्य भूमीवरची गाडी मेसिनाच्या सामुद्रधुनीत जहाजात बसून सिसिली बेटावर जाते.

आता हे होतं कसं, ते पाहू. पहिली अडचण पाण्याची. भरती-ओहोटीनं जहाज वर-खाली होतं. धक्का जागचा हलत नाही. मग दोघांवरचे रूळ एका पातळीत कसे येणार? म्हणून मध्ये एक झुलता पूल ठेवतात. त्याचं एक टोक धक्क्याला बिजागरीनं बांधलेलं, दुसरं जहाजावर टेकलेलं. जहाज वर गेलं की ते टोक वर, खाली आलं की खाली. पण इंग्लंडच्या डोव्हर बंदरात भरती-ओहोटीचा फरक सहा मीटरच्या आसपास. एवढ्या चढावर गाडी कशी ढकलणार? तिथे जहाजासाठी मोठा हौदच बांधला. जहाज आत आलं की दरवाजा बंद करायचा आणि पंपानं पाण्याची पातळी हवी तेवढी ठेवायची.

दुसरी अडचण वजनाची. कारखान्याकडे उसाची बैलगाडी जाताना पाहिलीय ना? मोळ्या मागच्या बाजूला जास्त झाल्या की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या माना ताणल्या जातात. जहाजाचंही तसंच. फरक इतकाच की ते चारही दिशांनी उलाळ होऊ शकतं. एक डबा ४० टनांहून जड. सगळे डबे एकाच बाजूच्या रुळांवर नेले तर जहाज तिकडे कलेल. म्हणून गाडीचे तुकडे करतात. थोडे डबे मधल्या रुळांवर, थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे. शिवाय जहाजाच्या पोटात पाण्याच्या टाक्या असतात. डावीकडे वजन आलं की पंप डावीकडचं पाणी उजवीकडे नेतो. डबे आत आले की चाकांना अडसर लावतात आणि डबे साखळ्यांनी जखडतात. समुद्रात गाडी सुटली तर काय होईल, विचार करा!

एवढा खटाटोप करण्यापेक्षा उडून गेलेलं काय वाईट? वेळ वाचतो, हे खरंच. पण विमानाला दोन कामं करावी लागतात. पुढे जायचं, आणि पडू नये म्हणून सतत स्वतःला वर तोलून धरायचं. या दुसऱ्या कामासाठीही इंधन जळतच राहतं. जहाजाला पाणी तोलून धरतं आणि गाडीला रूळ, तेही फुकट. लोखंडाचं चाक लोखंडी रुळावर जिथे टेकतं तो ठिपका एका रुपयाच्या नाण्याहूनही लहान असतो. तिथे दबणं-चेपणं जवळजवळ नाहीच, म्हणून गाडी एकदा पळू लागली की तिला थोडकीच ओढ लागते. ब्रिटनच्या सरकारी तक्त्यांत याचा हिशेब देतात. देशातल्या देशात विमानानं गेलं तर दर माणशी दर किलोमीटरला सुमारे अडीचशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि तसले वायू. रेल्वेनं गेलं तर पस्तीसेक ग्रॅम. बोटीनं चालत चढणाऱ्या माणसाच्या नावावर वीसेक ग्रॅम, आणि आपली मोटार घेऊन चढणाऱ्याच्या नावावर सव्वाशेच्या वर! बोट एकच, समुद्र एकच, पण मोटारीचं वजन कुणाच्या नावावर लिहायचं? ज्याची मोटार त्याच्या. मात्र सगळ्या बोटी सारख्या गुणी नसतात. वेगानं पाणी कापत जाणाऱ्या बोटी इंधन भसाभस पितात, कारण वेग थोडा वाढवला तरी पाण्याचा विरोध खूप वाढतो.

तसं पाहिलं तर विमान हाच कालपरवाचा पाहुणा आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या, त्या ७ एप्रिल १८८३ला कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या जहाजानं निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८, जवळजवळ दोन महिने पाण्यावर. आपल्या भागातूनही माणसं हजला निघायची ती रेल्वेनं मुंबईपर्यंत आणि पुढे जहाजानं जेद्दाहला. मुंबईहून हजला जाणारी जहाजं १९९५पर्यंत चालू होती. शेजारच्या एखाद्या दादीला नाहीतर नानीला विचारून पाहा, घरातलं कुणी जहाजानं गेलेलं निघेलही.

बोट मेलचं पुढे काय झालं? २२ डिसेंबर १९६४च्या रात्री मोठं चक्रीवादळ आलं. समुद्र धनुष्कोडीवर चालून गेला. पांबनहून येणारी पॅसेंजर गाडी स्थानकाच्या जवळ पोचली होती, ती लाटेखाली गेली. गाडीतलं कुणी वाचलं नाही. घरं, धक्का, रूळ, सगळं गेलं. गाव पुन्हा वसलंच नाही. तिथे आजही पडक्या चर्चच्या आणि स्थानकाच्या भिंती उभ्या आहेत. आगबोट नंतर रामेश्वरहून सुटू लागली, पण श्रीलंकेत यादवी पेटली आणि १९८०च्या दशकात तीही बंद पडली. तिकडच्या उत्तर भागातली रेल्वेही उद्ध्वस्त झाली, रूळसुद्धा उखडले गेले. युद्ध संपल्यावर भारताच्या इरकॉन कंपनीनं ते रूळ नव्यानं टाकले. २०१४मध्ये गाडी जाफन्याला पोचली आणि २०१५च्या सुरुवातीला कांकेसंतुरैला, म्हणजे आपली बोट लागते त्याच गावाला. त्याच वर्षी तलैमन्नारच्या धक्क्यापर्यंतही रूळ परत गेले.

डिसेंबर २०२४मध्ये दोन्ही देशांनी जाहीर केलं की रामेश्वर–तलैमन्नार बोटही लवकर सुरू करण्यासाठी काम करायचं. आणि यातली खरी गंमत ऐका. मधल्या काळात रामेश्वरकडचे रूळही बदलून ब्रॉडगेज झाले आहेत. परळीच्या रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर, रामेश्वरच्या १,६७६, तलैमन्नारच्याही १,६७६. १९१४ला जी अडचण होती ती आज उरलेली नाही. इतकंच कशाला, चेन्नईच्या डबे बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात तयार झालेल्या गाड्या जहाजात घालून श्रीलंकेला पाठवल्याही आहेत, आणि त्या तिथल्या रुळांवर धावतात. म्हणजे भारतातली गाडी समुद्र ओलांडून गेलेली आहे, फक्त रिकामी. उद्या कुणी रूळ टाकलेलं जहाज आणलंच, तर परळीहून निघालेला डबा कोलंबोपर्यंत जाऊ शकेल, अर्थात ब्रेक आणि जोडण्या जुळवून घ्याव्या लागतील. विजेचं इंजिन मात्र रामेश्वरलाच सोडायचं. श्रीलंकेच्या रुळांवर विजेच्या तारा नाहीत, तिथे डिझेलचं इंजिन लागतं.